ईमेल-सर्व्हरची भरलेली मेमरी

मूलसारख्या तालुक्याच्या गावी, धानखरेदीच्या ऐन हंगामात, एखाद्या संस्थेच्या दफ्तरातील ईमेल-सर्व्हर मंदावला आणि पडद्यावर मेमरी ९० टक्के खर्ची पडल्याचा आकडा दिसला, की तो तत्काळ बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो; परंतु तसे केल्याने दोषाचा पुरावाच नष्ट होतो, म्हणून त्या आकड्याचा अर्थ प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

लिनक्स प्रणाली रिकामी मेमरी पडून राहू देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली ती तेथे जपते आणि मागणी येताच जागा मोकळी करून देते. यास्तव ‘फ्री’ या आज्ञेच्या तक्त्यात ‘अव्हेलेबल’ हाच रकाना पाहावा. तो भरघोस असल्यास चिंतेचे कारण नाही.

तो आटत असल्यास मात्र कसूर बहुधा टपाल वाहणाऱ्या पोस्टफिक्सची नसून क्लॅमएव्ही या विषाणुशोधकाची निघते. विषाणू ओळखण्याची त्याची लक्षणसूची १ जीबीच्या आसपास जागा व्यापते, आणि २०२० च्या ०.१०३ या आवृत्तीपासून नवी सूची चढेपर्यंत जुनीही कायम राहत असल्याने तेवढ्या अवधीपुरती गरज जवळजवळ दुप्पट होते. २ जीबीच्या यंत्रावर मग लिनक्सचा गाभा असलेला ‘कर्नल’ नाइलाजाने एखादी प्रक्रियाच संपुष्टात आणतो. लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी त्याची नोंद सापडते. क्लॅमएव्हीमधील ‘कन्करंटडेटाबेसरिलोड’ची तरतूद ‘नो’ केल्यास हे टळते. सूची बदलेपर्यंत तपासणी खोळंबते खरी, परंतु टपाल किंचित उशिरा पोचणे हे सेवाच कोसळण्यापेक्षा शतपटीने बरे.

आवक स्थिर असूनही एकाच प्रक्रियेची मेमरी दिवसेंदिवस चढत राहिली, तर ती गळती समजावी. सुधारित आवृत्ती बसवावी, आणि तोवर रात्री केवळ तेवढीच सेवा नव्याने सुरू करावी.