सावली मोजा, ऊन घ्या

कोवळ्या उन्हातून 'ड' जीवनसत्त्व मिळते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऊन हवे हे खरे. पण ते कोवळेच हवे, हे मात्र बरोबर नाही. असे का, ते पाहू.

उन्हाचे महत्त्व आपल्या महाराष्ट्रातच एका जुन्या अभ्यासात दिसून आले होते. हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिक भागातील मुडदूस या रोगावरचे आपले संशोधन १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या घरांत मुडदूस आढळत होता. उलट, उघड्यावर राबणाऱ्या गरिबांची मुले आहार निकृष्ट असूनही बहुधा त्यातून सुटत होती. फरक अन्नापेक्षा उन्हाचा होता.

आपल्या त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण त्यावर पडले की त्याचे रूप बदलते आणि पुढे शरीराच्या उष्णतेने 'ड-३' तयार होते. यकृत व मूत्रपिंड यांत त्यावर आणखी प्रक्रिया झाल्यावर ते कामाला येते, म्हणजे आतड्यांना अन्नातले कॅल्शियम शोषायला मदत करते. ते कमी पडले तर मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकतात आणि मोठ्यांची हाडे दुखतात.

अतिनील-ब किरणांना वातावरणातील ओझोन अडवतो. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना किरणांना हवेतून दुप्पट अंतर कापावे लागते. सूर्य आणखी खाली असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून सकाळी सातच्या प्रार्थनेत मुले उन्हात उभी राहिली, तरी 'ड' जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचेही तेच. काच अतिनील-ब अडवते, पण त्वचेला सुरकुत्या आणणारे अतिनील-अ किरण बरेचसे आत सोडते.

मग योग्य वेळ कशी ओळखावी? ढोबळ नियम सोपा आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या वर असेल, तेव्हा 'ड' चांगले तयार होते.

अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचे फर्दापूर घ्या. त्याचा अक्षांश सुमारे साडेवीस अंश उत्तर. २२ डिसेंबरला तेथे मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४६ अंशांवर असतो. म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा, पावणेबारा ते एक या वेळात, सावली उंचीहून किंचित आखूडच! मे महिन्यात ही वेळ सकाळी सव्वानऊच्या सुमारास सुरू होते. त्या दिवशी लंडनला मात्र मध्यान्हीची सावली उंचीच्या पावणेचारपट असते.

तेव्हा फर्दापूरला उन्हाचा तुटवडा नाही. उणीव निर्माण होते ती वर्गात, दुकानात आणि कपड्यांखाली. गडद त्वचेतील मेलॅनिन काही किरण शोषून घेते, त्यामुळे आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. चेहरा, हात आणि पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून काही दिवस, हा साधारण अंदाज धरावा.

यापुढे मात्र लोभ नको. एका मर्यादेनंतर त्वचेत तयार झालेल्या द्रव्याचे निरुपयोगी पदार्थांत रूपांतर होऊ लागते. जादा उन्हाने 'ड' वाढत नाही, त्वचेची हानी तेवढी वाढते. म्हणून त्वचा चुरचुरण्यापूर्वीच सावलीत यावे. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल बांधतात, ते योग्यच आहे. त्यांना संरक्षण हवे, वर्गातल्या मुलीला ऊन हवे. उन्हाळ्यात उष्माघाताचा धोका असल्याने भर दुपार टाळून साडेनऊच्या सुमाराचे ऊन घ्यावे. हिवाळ्यात मधल्या सुट्टीतले. तान्ह्या बाळांना प्रखर उन्हात ठेवू नये. हाडे सतत दुखत असतील, किंवा उन्हाने बळावणारा विकार असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शाळेत एक प्रयोग करता येईल. मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवा. दर महिन्याच्या २२ तारखेला तिची सावली एक मीटरपेक्षा आखूड केव्हा होते आणि पुन्हा लांब केव्हा होते, त्या वेळा मुलांकडून नोंदवून घ्या. वर्षअखेरीस त्यांचा आलेख काढा. खेळाचा तास केव्हा ठेवावा, हे त्यावरून मुलेच सांगू शकतील.