चिखलाचा तळ

आषाढातला रविवार. तासाभरापुरता पाऊस उघडलेला. हिंजवडी आयटी पार्कच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की माणचे शिवार लागते आणि मधूनच कुणी डोंगराचा लचका तोडल्यासारखी एखादी दगडखाण दिसते. क्रशर बंद, वाटेवर खडीचा चुरा, काठावर चार-पाच दुचाक्या. खाली पोरे राड खेळत असतात. मुरमाच्या उतारावरून घसरायचे, गुडघाभर गाळात धपकन बसायचे, एकमेकांची तोंडे माखायची आणि काठावरच्या मित्राने ते मोबाईलवर टिपायचे. शेजारी हिरवट निळे पाणी, इतके स्तब्ध की किती खोल असेल हा प्रश्नच पडू नये. पुण्याभोवतीच्या खाणपट्ट्यात पावसाळ्यात हे दृश्य नवे नाही आणि ‘खाणीत बुडून मृत्यू’ ही चार ओळींची बातमीही नवी नाही.

त्या पोरांना वेड्यात काढणे सोपे आहे. पण चिखलाची ओढ खरी आहे, जुनी आहे. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. अंगाला तेल चोपडून थोरामोठ्यांसकट गाव भर पावसात लोळते. दक्षिण कोरियात बोरयाँगचा चिखलमहोत्सव १९९८ पासून भरतो. आपल्या तालमींत हौद्याची तांबडी माती तेल, ताक, हळद घालून लोण्यासारखी मऊ करतात आणि मुळशी तालुक्यातल्या कित्येक घरांत ती माती अंगाला लागल्याशिवाय पोरगा मोठा झाला असे मानत नाहीत.

नाकही त्याच बाजूचे. पहिल्या सरीनंतरच्या वासात जिओस्मिन नावाचे रसायन असते, मातीतले स्ट्रेप्टोमायसीस गटातले जिवाणू ते बनवतात. हवेच्या लाख कोटी कणांत त्याचे मोजके कण असले तरी माणसाला ते कळतात. फिनलंडमध्ये तीन ते पाच वर्षांच्या ७५ मुलांवर झालेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात संशोधकांनी जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली आणि मुलांना खेळू दिले. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणाही बदलल्या. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठी विधाने करू नयेत. पण ‘मातीत खेळू नकोस, आजारी पडशील’ हे वाक्य आता पूर्वीइतक्या खात्रीने म्हणता येत नाही, एवढे नक्की.

ओढीबद्दल तक्रार नाही, तक्रार जागेबद्दल आहे. कारण चिखल सगळा एक नसतो.

टांगून निथळलेला चक्का ताटलीत ढिगासारखा उभा राहतो. चमचा फिरवला की तोच सैल होतो आणि ठेवून दिला की पुन्हा घट्ट बसतो. बारीक कणांच्या चिखलाचे वागणे याच जातीचे. चिकणमातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. एकमेकांना धरून ते पाण्यात पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना उभी करतात. ठरावीक जोर लागेपर्यंत ही रचना टिकते, मग मोडते आणि चिखल वाहू लागतो. पाय पडला की खाली पातळ, पाय थांबला की भोवती घट्ट. रुतणे म्हणतात ते हेच.

मुळशीच्या भातखाचरात माणूस दिवसभर याच चिखलात उभा राहतो आणि संध्याकाळी घरी जातो. तो का बुडत नाही? चिखलणी करताना शेतकरी पाणी भरलेल्या खाचरात औत किंवा पॉवर टिलर फिरवून मातीची ढेकळे पार मोडतो. पण हा मऊ थर साधारण वीतभरच खोल असतो. त्याखाली, वर्षानुवर्षे बैल, माणसे आणि अवजारे यांच्या दाबाने घट्ट झालेला थर असतो. भाताचे पाणी तोच अडवतो आणि लावणी करणाऱ्या बाईचा पाय त्याच्यावरच टेकतो. पोटरीपर्यंत रुतलेली ती बाई खरे तर पक्क्या जमिनीवर उभी असते, मध्ये वीतभर लोणी असते इतकेच. शिवाय खाचर सपाट असते, बांध हाताच्या अंतरावर असतो. पिढ्यान्‌पिढ्या मेहनत करून घडवलेला हा चिखल आहे.

खाणीतला चिखल कुणी घडवलेला नसतो. पुण्याचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. चांगला दगड लागेपर्यंत वरची माती आणि मुरूम ओरबाडून कडेला लोटतात, मग भोके पाडून सुरुंग लावतात. क्रशरमधून खडी निघते आणि पिठासारखी भुकटी उरते. खाण बंद होते तेव्हा हे सगळे काठावर तसेच असते. मग पाऊस येतो आणि सगळे खड्ड्यात उतरवतो.

तिथे एक मोठी निवड घडते. पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. स्टोक्स या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे सूत्र दिले. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर पाणी दोनेक मिनिटांत पार करतो. त्याच्या पन्नासाव्या भागाएवढ्या, म्हणजे दोन मायक्रॉनच्या, चिकणमातीच्या कणाला तेवढ्यालाच सुमारे तीन दिवस लागतात. म्हणून जाड माल पाणी आत येते तिथेच, कडेला पडतो आणि अगदी बारीक गाळ खोलगट भागात साचत राहतो. तो भरपूर पाणी धरून, सैल बसतो. पावसाळाभर रोज नवा थर येत असल्याने जुन्याला घट्ट व्हायला उसंत मिळत नाही. हा गाळ खडकाच्या भेगाही लिंपून टाकतो, त्यामुळे खाणीतले पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकते.

कडेच्या मुरमाड भागात पोरे नाचतात तेव्हा पायाखाली बऱ्यापैकी आधार असतो. चार पावले आत तो संपतो, आणि वरून दोन्हीकडचा चिखल सारखाच दिसतो. चार दिवस ऊन पडले तर आणखी फसवे. वरचा थर सुकून भेगाळतो, वाळल्या तळ्यासारखा दिसतो. खाली मात्र रबडी तशीच असते. अशा पापुद्र्यावर कुत्रे चालून गेलेले पाहिले म्हणून माणसाने जाऊ नये.

आता सिनेमातली एक कल्पना खोडून काढू. दलदलीत माणूस हळूहळू गिळला जातो आणि शेवटी फक्त टोपी तरंगते, असे होत नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये रुतवाळूवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नमुना इराणमधल्या खाऱ्या तळ्याकाठचा होता. माणसाच्या शरीराची घनता पाण्याएवढीच, तर तळाशी बसलेल्या वाळू-मातीची जवळपास दुप्पट. त्यामुळे माणूस कमरेच्या आसपास अडकतो आणि तिथेच थांबतो. पण तिथून निघणे अवघड. सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने पाय ओढायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतका जोर लागतो, असा त्यांचा हिशेब आहे. पाय वर येताना खाली पोकळी होऊ पाहते, तिथे पाणी पटकन पोचत नाही आणि भोवतीचा गाळ आवळतो.

कमरेपर्यंत अडकलेला माणूस कोरड्या जागी असेल तर तासभर ओरडून मदत बोलावू शकतो. खाणीत सर्वांत मऊ गाळ पाण्याखाली असतो. छातीभर पाण्यात पाय गाळात धरले गेले आणि तोल गेला, तर पोहता येणे न येणे सारखेच. पट्टीचे पोहणारे खाणीत का बुडतात, याचे एक उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर खाणीच्या भिंतीत आहे. नदीचा काठ उतरत जातो. खाण उभी कापलेली असते. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट वीस फुटांत पडू शकते. त्यात पाणी डोळ्याला फसवते: प्रकाश वळतो म्हणून बारा फूट खोलीही वरून नऊ फुटांची वाटते, आणि ती पाणी नितळ असेल तरच. गढूळ पाण्यात तेवढाही अंदाज नाही. तळाशी सुरुंगाने फुटलेले डबर, वायररोपचे तुकडे, बाटल्यांच्या काचा. बाहेर यायला काठ नाही. ओला, शेवाळलेला कातळ हाताला धरवत नाही. वरून घसरगुंडी करायचा मुरूम पाणी पिऊन जड झालेला असतो, तो ढिगासकट खाली येऊ शकतो.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो हीही सिनेमाचीच देणगी. प्रत्यक्षात श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते, ओरडायला हवा उरत नाही. जवळ हसत उभ्या असलेल्या मित्रांना कळेपर्यंत तो दिसेनासा झालेला असतो. मग एक जण उडी मारतो, त्याच्यामागे दुसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, त्यांतली जवळपास निम्मी तिशीच्या आतली.

जंतूंचा भाग थोडक्यात, कारण तो खाणीपुरता नाही. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून येणारे लेप्टोस्पायरा जिवाणू ओल्या मातीत टिकतात आणि पायाच्या चिरेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने या आजाराची साथ पाहिली. कोकणातल्या भातशेतकऱ्यांना तो आधीपासून माहीत आहे. म्हणजे खाचरातला चिखलही निर्जंतुक नाही. अंगावर जखम असेल तर चिखलात उतरू नये, धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली असावी, आणि नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, तर ‘चिखलात खेळलो होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदान त्या एका वाक्याने लवकर होते.

खाणीला कुंपण का नाही, हा प्रश्न पोरांना विचारण्याचा नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला खाण कायदा १९५२ चा. त्याखालच्या १९६१ च्या नियमांप्रमाणे कठीण खडकात पायऱ्या पाडत उतरायचे असते आणि एक पायरी सहा मीटरपेक्षा उंच ठेवायची नसते. सोडलेल्या खाणीचे तोंड बंद करणे किंवा तिला कुंपण घालणे हे काम खाणवाल्याचे आहे. प्रत्यक्षात खडी संपली की मशिनरी जाते आणि खड्डा गावाच्या नावावर उरतो. माझ्या मते ‘येथे पोहू नये’ ही पाटी हे निव्वळ अंग झटकणे आहे. पायऱ्या नीट केलेली, एका बाजूने उतार दिलेली खाण तलाव म्हणून वापरता येते. तो खर्च परवाना देतानाच वसूल करायला हवा.

तोवर कुणी अडकलेच तर आत उतरू नका. दोरी, ओढणी, बांबू, हवा भरलेली ट्यूब, पाण्याचा रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका आणि ११२ ला फोन लावा. अडकलेल्याने पाय झटकू नये. पाणी कमी असेल तर पाठीवर रेलावे, हात पसरावेत, आणि पाय थोडे-थोडे हलवत भोवती पाणी शिरू द्यावे. जोर लावून पाय निघत नाही, वेळ दिला की निघतो.

आणि चिखल हवाच असेल तर तो माणपासून फार लांब नाही. पौडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना आषाढ-श्रावणात लावणी चाललेली असते आणि लावणीला माणसे कायम कमी पडतात. गाडी बाजूला लावा, बांधावर उभे राहून मालकाला विचारा, चपला काढा. रोपांच्या जुड्या ते देतील. ओळ वाकडी गेली तर बोलतीलही, ते ऐकून घ्या.