मनोरा किती उंच? घोटीच्या डोंगरांतले हॅम रेडिओचे गणित

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानला तडाखा दिला, तेव्हा भारती प्रसाद यांचा हौशी रेडिओचालकांचा चमू पोर्ट ब्लेअरमध्ये मुक्कामास होता. दूरध्वनी मुके झाले. पण या चमूने प्रयोगासाठी उभारलेल्या तात्पुरत्या अँटेनांवरून बेटांची खबर मुख्य भूमीपर्यंत पोहोचत राहिली. हॅम रेडिओला ‘शेवटचा दुवा’ म्हणतात ते अशा प्रसंगांमुळे. मात्र समुद्राच्या मोकळ्या पृष्ठभागावर जे साधते ते डोंगराळ मुलखात तसेच साधेल असे नाही. थळ घाट चढून आल्यावर इगतपुरीपलीकडे लागणारे घोटी हे त्याचे बोलके उदाहरण ठरावे.

घोटीच्या आग्नेयेस सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटरवर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे. उत्तरेस त्र्यंबक-अंजनेरीची रांग, पश्चिमेस घाटाचा कडा. अशा ठिकाणी हौशी रेडिओचालकाच्या मनात पहिला विचार येतो तो उंच मनोऱ्याचा. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी बहुतांशी दृष्टिरेषेत प्रवास करतात, त्यामुळे हा विचार चुकीचा नाही; अपुरा आहे. सपाट प्रदेशात या लहरींचे क्षितिज अँटेनाच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १२ मीटरच्या डोलकाठीवरून ते सुमारे १४ किलोमीटर, तर २४ मीटरवरून जेमतेम २० किलोमीटर. म्हणजे उंची दुप्पट, खर्च त्याहून कितीतरी जास्त, आणि पल्ला दीडपटही नाही. शिवाय समोर शेकडो मीटरचा डोंगर असेल तर मनोऱ्याच्या चार-पाच जादा मीटरांना काय किंमत? त्यापेक्षा हातात मावणारा संच घेऊन कळसूबाईच्या माथ्यावर गेलेला माणूस दूरवर ऐकू जातो.

डोंगर ओलांडण्याची दुसरी युक्ती आहे, आणि तिला मनोरा लागतच नाही. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची तांब्याची तार मधोमध तोडून तेथे केबल जोडायची व ती दोन आंब्यांच्या झाडांमध्ये सहा-आठ मीटरवर आडवी ताणायची. इतक्या खाली असलेल्या तारेतून बरीचशी ऊर्जा जवळजवळ उभी आकाशात जाते, आयनांबरावरून परावर्तित होते आणि पावसाच्या सरीसारखी भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरांत उतरते. नाशिक, मुंबई, पुणे ही शहरे या टप्प्यात येतात. मधल्या डोंगरांचा प्रश्नच उरत नाही. दिवसा सहसा हा पट्टा उपयोगी पडतो, रात्री ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते आणि तार दुप्पट लांब करावी लागते. दूरदेशीच्या संपर्कासाठी मात्र हीच तार उंच हवी. आपत्तीत शेजारचा जिल्हा गाठायचा असताना खुजी तार सरस ठरते, हे अनेक हौशांना उशिरा उमगते.

तरीही डोलकाठी उभारायचीच असेल, तर घोटीत खरी परीक्षा पावसाळ्यात होते. इगतपुरी परिसरात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि भातखाचराची भिजलेली जमीन तणाव्याचा खुंटा सहज सोडते. म्हणून तणावे तीन दिशांना, डोलकाठीच्या उंचीच्या साधारण दोनतृतीयांश अंतरावर, आणि त्यांचे खुंटे खोल काँक्रीटमध्ये. नायलॉनचा दोर स्वस्त पडतो, पण ओला झाला की सैल पडतो. गंज चढू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घ्यावा. बांबू एखाद्या हंगामापुरता उत्तम. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र वाऱ्याचा नसून विजेच्या तारांचा आहे. पाइप आडवा ठेवून, बुंध्याशी बिजागरी बसवून तो दोराने उभा करताना एक तणावा निसटला तर तो कोठेही कोसळू शकतो. घोटी स्थानकातून जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या मार्गावर २५ हजार व्होल्टची तार आहे, गावात महावितरणच्या वाहिन्या आहेत. डोलकाठीच्या उंचीच्या किमान दीडपट अंतरात एकही वीजवाहिनी नसावी. असेल तर जागा बदलावी. त्याला पर्याय नाही.

परवानगीचे प्रकरणही आधीच उरकलेले बरे. हौशी केंद्राला केंद्र सरकारचा परवाना लागतोच. उंच मनोऱ्यासाठी विमानतळापासूनचे अंतर पाहिले जाते, आणि नाशिक परिसरात ओझर व गांधीनगर अशा दोन धावपट्ट्या आहेत.

राहता राहिली वीज. मे महिन्यातील वळीव आणि परतीचा पाऊस हे तिचे दिवस. डोलकाठीचा बुंधा जाड तांब्याच्या पट्टीने जमिनीत पुरलेल्या अर्थिंगशी जोडावा व घराचे अर्थिंगही त्याच्याशी एकत्र बांधावे. मात्र जवळ कोसळलेल्या विजेपुढे संचाचे रक्षण करण्याची हमी कोणतेही उपकरण देत नाही. म्हणून ढगांचा पहिला गडगडाट ऐकू येण्याआधीच केबल संचातून काढून खिडकीबाहेर टाकावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हातही लावू नये.