शिट्टी न होणारा कुकर

परदेशातल्या मराठी घरांत आता गॅसवरच्या कुकरशेजारी विजेचा कुकर हमखास दिसतो. त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे इन्स्टंट पॉट; २०१० मध्ये कॅनडात तो पहिल्यांदा बाजारात आला. अडचण एकच. याची शिट्टी होत नाही, आणि आईच्या सगळ्या पाककृती शिट्ट्यांत! ‘डाळीला चार, छोल्यांना सहा’ हे मिनिटांत कसं बसवायचं?

नवा कुकर आधी नुसतं पाणी घालून चालवून बघावा. झाकणाची रबरी रिंग नीट बसली का, वाफ कडेने निसटते का, ते कळतं. मग वरण. गॅसवरच्या कुकरात दाब चौरस इंचाला साधारण १५ पौंड, यात १० ते १२; म्हणून वेळ थोडा जास्त लागतो. शिवाय मिनिटं मोजली जातात ती दाब तयार झाल्यावर. मी न भिजवलेल्या तूरडाळीला पहिल्या दिवशी ८ मिनिटं दिली, मग १०, मग १२. बारा मिनिटं देऊन वाफ आपोआप जिरू दिली, तेव्हा डाळ रवीने घोटण्याजोगी झाली. आकडा फ्रिजवर चिकटवला.

आई फोनवर म्हणाली, “शिट्टी नाही, मग कळतं कसं गं?” त्या निमित्ताने तिच्या हाताचे अंदाज मी पहिल्यांदाच विचारून लिहून घेतले: पाणी किती, हिंग कधी, चिंच किती. तुम्हीही विचारून ठेवा. कुकरसोबतच्या पुस्तिकेत ते मिळत नाहीत.