जीवनसत्त्वे आणि शेतकऱ्याचे ताट

पावसाळा सुरू झाला की कसारा मार्गावरील पहाटेच्या गाड्यांतून भाजीच्या पाट्या कल्याणकडे निघतात. आसनगाव, वासिंद, खडवली, टिटवाळा या स्थानकांवर चढणाऱ्या स्त्रिया टाकळा, शेवळे, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्यांचे वाटे कल्याण, डोंबिवली व ठाणे येथील बाजारांत मांडतात. शहरातील गृहिणी ते आवडीने घेतात. दुपारी रिकामी पाटी घेऊन विकणारी स्त्री घरी परतते, तेव्हा तिच्या चुलीवर मात्र पुष्कळदा पांढरा भात आणि पातळ आमटी एवढेच शिजते. भाजी विकून चार पैसे हाती येतात ही चांगलीच गोष्ट होय. परंतु त्या भाजीबरोबर घरातील मुलांच्या वाट्याचे आणखी काय बाजारात गेले, याचाही हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

जीवनसत्त्वे म्हणजे काय?

भातापासून शरीरास शक्ती मिळते, डाळींपासून त्याची वाढ व झीज भरून निघते. पण एवढ्याने भागत नाही. अन्नातील काही द्रव्ये अत्यंत अल्प प्रमाणात लागतात, परंतु ती नसतील तर बाकीचे अन्न अंगी लागत नाही. त्यांना जीवनसत्त्वे म्हणतात. त्यांपैकी बहुतेक शरीर स्वतः तयार करू शकत नाही, अन्नातूनच ती मिळवावी लागतात.

शेतकरी बंधूंना ही गोष्ट नवीन वाटू नये. भातास नत्र, स्फुरद व पालाश पुरेसे दिले, तरी जमिनीत जस्त कमी पडल्यास पिकावर खैरा रोग दिसतो, पाने तांबूस होतात व रोपे खुरटतात. एकरी लागणारे जस्त थोडेच, पण त्यावाचून पीक हाती येत नाही. मनुष्यदेहाचेही असेच आहे.

कोंड्याबरोबर काय जाते?

ठाणे जिल्हा हा भाताचा जिल्हा. म्हणून भातापासूनच आरंभ करणे योग्य. १८९० ते १९०० या दशकात जावा बेटावर आइकमन या डच वैद्याने कोंबड्यांना केवळ पांढरा, घासलेला तांदूळ खाऊ घातला. कोंबड्यांचे पाय लुळे पडले. कोंडा असलेला तांदूळ देताच त्या बऱ्या झाल्या. माणसांतील बेरीबेरी या रोगाचे मूळ या निरीक्षणामुळे उमगले. त्यातील ज्ञान पुढे वाढत गेले, १९१२ मध्ये फुंक या शास्त्रज्ञाने अशा द्रव्यांना ‘व्हिटामिन’ हे नाव सुचविले, आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आकडे पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. १०० ग्रॅम हातसडीच्या तांदळात ब-१ जीवनसत्त्व सुमारे ०.२१ मिलिग्रॅम असते. गिरणीतून पांढराशुभ्र करून आणलेल्या तेवढ्याच तांदळात ते सुमारे ०.०६ मिलिग्रॅम उरते. कोंड्यात मात्र ते सुमारे २.७ मिलिग्रॅम असते, म्हणजे आपण उत्तम भाग गुरांना घालतो आणि राहिलेला भाग स्वतः खातो. उकडा तांदूळ गिरणीत सडला तरी त्यात ०.२१ मिलिग्रॅमच्या आसपास ब-१ टिकते, कारण उकडताना ते कोंड्यातून दाण्यात मुरते. १९३४ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा प्रसार केला, त्यात उद्योगाबरोबर आरोग्याचाही विचार होता.

आज उखळ-मुसळाकडे परतणे सर्वांना शक्य नाही. पण घरी खाण्याचा तांदूळ कमी घासून द्यावा, असे भातगिरणीवाल्यास सांगता येते. अशा तांदळातील कोंड्याच्या तेलामुळे तो लवकर खवट होतो. यासाठी घरखर्चापुरता भात महिन्या-महिन्याने सडून आणावा. तांदूळ चार-पाच वेळा चोळून धुऊ नये, आणि भात वेळल्यास पेज फेकून न देता प्यावी किंवा आमटीत घालावी.

याच संदर्भात एक गैरसमज दूर केला पाहिजे. मार्च २०२४ पर्यंत सरकारी योजनांतील तांदूळ लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ यांनी पोषणयुक्त करण्यात आला. त्यात शंभर दाण्यांत साधारण एक दाणा वेगळा दिसतो, म्हणून ‘हा प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई उठते. ते दाणे तांदळाच्या पिठाचेच असतात. असा तांदूळ घरी आल्यास ते वेचून टाकू नयेत.

हिरवी पाने आणि डोळे

‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की मूल संध्याकाळी चाचपडू लागते. यालाच रातांधळेपणा म्हणतात. पुढे डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात, आणि दुर्लक्ष झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. गोवर, हगवण यांसारख्या दुखण्यांत अशी मुले लवकर खचतात. यासाठी १९७० पासून देशात बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतचे हे डोस चुकवू नयेत.

परंतु डोस हा आधार आहे, रोजचे अन्न नव्हे. शेवग्याचा पाला, माठ, टाकळा, अळू, लाल भोपळा, पिकलेली पपई व आंबा यांपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. ते अंगी लागण्यास थोडे तेल लागते, म्हणून पालेभाजीस चमचाभर तेलाची फोडणी द्यावी.

रानभाज्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. ओळखीची भाजीच खावी. शेवळे नीट न शिजविल्यास घशाला खाज सुटते, म्हणून जुन्या जाणत्या स्त्रिया ते काकडाच्या फळांबरोबर किंवा चिंच घालून शिजवितात. ही रीत मोडू नये.

क, ड आणि ब-१२

‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते व जखमा लवकर भरत नाहीत. आवळा, पेरू, लिंबू यांत ते भरपूर असते. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून अधिक. भातानंतर खाचरात ओलाव्यावर घेतलेले वाल व मूग भिजवून मोड आणले की त्यांतही ‘क’ तयार होते. जेवणात लिंबू पिळल्याने भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

‘ड’ जीवनसत्त्व अंगावर ऊन पडल्याने त्वचेत तयार होते. ते न मिळाल्यास मुलांना मुडदूस होतो. शेतात राबणाऱ्यास ते सहज मिळते, डोंबिवलीच्या इमारतींत दिवस काढणाऱ्यास ते मुद्दाम मिळवावे लागते. ब-१२ हे दूध, अंडी, मासे व मांस यांतच असते. शाकाहारी घरांनी ताक-दुधाचा एक वाटा विकण्यापूर्वी घरी ठेवावा. इतरांनी सुकट, बोंबील हे स्वस्त अन्न हलके मानू नये.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. ‘अ’ व ‘ड’ शरीरात साठतात व अती झाल्यास अपाय करतात.

गावात काय करता येईल?

१९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, पण तेथला धडा शहापूर-मुरबाडच्या पाड्यांनाही तितकाच लागू आहे. अशी वेळ पुन्हा येऊ नये यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

पहिली, प्रत्येक घरामागे परसबाग. बांधावर शेवगा, छपरावर भोपळ्याचा वेल, मोरीच्या सांडपाण्यावर पपई व केळ, दारात लिंबू. यास वेगळी जमीन लागत नाही.

दुसरी, भाजी आधी धुवावी, मग चिरावी. झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी व ते पाणी ओतून देऊ नये. मोरीत गेलेले जीवनसत्त्व कोणत्याही खताने परत येत नाही.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची, बाजारासाठी पाटी भरण्यापूर्वी एक जुडी घरच्यांसाठी काढून ठेवावी, आणि ती प्रथम गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या आणि लहान मुलाच्या ताटात पडावी.

बियाण्याचा भात शेतकरी कितीही अडचण आली तरी विकत नाही, कारण पुढच्या हंगामाची आशा त्यात असते. घरातील मूल हेही पुढच्या हंगामाचे बियाणेच होय. त्याच्या वाट्याची जुडी आधी घरात ठेवावी, उरलेली पाटी मग खुशाल कल्याणच्या बाजारात जावी.