विमानाच्या दिव्याचा धडा, गॅरेजच्या धंद्याला
एलईडी दिवे बदलून देणाऱ्या कारागिरांनी शिकावे असे काही

धाराशिवहून बीड, छत्रपती संभाजीनगर असा उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ पुढे धुळ्याला पोहोचतो. याच धुळ्याच्या विमानतळावर २०२० साली एका सहा आसनी विमानाच्या उड्डाण-चाचण्या झाल्या. हे विमान कुठल्या कारखान्यात नव्हे, तर मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात एका इमारतीच्या गच्चीवर बांधले गेले होते. बांधणारे होते वैमानिक अमोल यादव. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांसमोर आले. त्याच्या नोंदणीसाठी यादव यांनी अनेक वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली आणि त्यानंतर उड्डाणाची परवानगी मिळाली. मराठी माणसाच्या चिकाटीची ही कहाणी वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली आहेच. आमच्या व्यापार-उद्योगाच्या पानावर आम्हाला त्यातील वेगळ्याच बाबीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

स्वतः बांधलेल्या विमानात प्रत्येक भाग बांधणाऱ्यालाच निवडावा लागतो, आणि त्याच विमानात त्याला स्वतः बसायचे असते. निवड चुकली तर भुर्दंड दुसऱ्याला नाही, त्यालाच. त्यामुळे अमेरिकेसारख्या देशात, जिथे हजारो हौशी लोक घरच्या शेडमध्ये लहान विमाने बांधतात, तिथे साधा दिवा बदलायचा झाला तरी तो मोजूनमापून बदलला जातो. धावपट्टीवर उतरताना लावायचा दिवा जुन्या पद्धतीचा काढून एलईडीचा बसविणे हे काम तिकडे गेल्या काही वर्षांत फार झाले. आमच्या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब अशा प्रत्येक गावी ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान चालविणारे तरुण आहेत, त्यांत आमच्या समाजातील मुले मोठ्या संख्येने आहेत. तेही रोज हेच काम करतात. फक्त विमानाऐवजी मोटारसायकल, जीप आणि ट्रॅक्टरवर. म्हणून तिकडचा अनुभव इकडे उपयोगी पडावा.

पंचवीस तासांचा दिवा

लहान विमानात वर्षानुवर्षे जो दिवा वापरला गेला तो आपल्या जुन्या गाड्यांतील सीलबीमचाच भाऊ. त्याचे नाव पार-३६. यातील ३६ हा आकडा इंचाच्या आठव्या भागात मोजलेला व्यास आहे, म्हणजे साडेचार इंच. त्यातील ४५०९ क्रमांकाचा दिवा सर्वांत परिचित. तो १३ व्होल्टवर १०० वॅट खातो आणि कंपनीनेच त्याचे आयुष्य लिहिले आहे अवघे २५ तास! इतक्या कमी आयुष्यात भागत असे, कारण तो फक्त उतरताना काही मिनिटे लावला जाई. पुढे वैमानिक दिवसाही दिवा लावून उडू लागले, जेणेकरून दुसऱ्या विमानाला आपण लांबून दिसावे. मग पंचवीस तास भराभर संपू लागले. त्यात इंजिनाची थरथर. तापलेली बारीक तार त्या थरथरीत तुटते, आणि नेमकी नको त्या वेळी तुटते.

दुसरी अडचण विजेची. १०० वॅटचा एक दिवा सुमारे पावणेआठ अँपिअर घेतो. दोन दिवे म्हणजे पंधरा अँपिअरच्या वर. उडताना अल्टरनेटर बंद पडला आणि जवळ १६ अँपिअर-अवरची लहान बॅटरी असेल, तर हे दोन दिवेच ती तासाभराच्या आत रिकामी करतील. त्याच बॅटरीवर रेडिओ चालतो आणि काही विमानांत इंजिनाची ठिणगीही. एलईडीचा दिवा तेच काम दोन ते तीन अँपिअरमध्ये करतो. म्हणून हा बदल उजेडाच्या हौसेसाठी नव्हे, तर बॅटरी वाचविण्यासाठी झाला, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. विमानासाठी बनविलेल्या अशा एका एलईडी दिव्याला काही शे डॉलर पडतात. तरीही लोक ते देतात.

उजेड नव्हे, झोत

बाजारात एलईडी घेताना गिऱ्हाईक विचारतो, "किती वॅटचा?" विमान बांधणारा विचारतो, "झोत कुठे पडतो?" उतरण्याच्या दिव्याचा झोत अरुंद व लांब जाणारा हवा; जमिनीवर विमान चालविताना लागणारा दिवा रुंद पसरणारा हवा. एकाच वॅटचे दोन दिवे या दोन कामांत एकमेकांच्या जागी निरुपयोगी ठरतात.

याचे मूळ आरशाच्या आकारात आहे. खोलगट पॅराबोलिक आरशाच्या केंद्रबिंदूवर उजेडाचा उगम ठेवला तर किरण समांतर बाहेर पडतात. उगम थोडा जरी सरकला तरी ते विखुरतात. अशा आरशांवर सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या व कैरोत काम केलेल्या इब्नुल हैसम यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. प्रकाशशास्त्रावरील त्यांचा 'किताबुल मनाज़िर' हा ग्रंथ पुढे युरोपात शतकानुशतके अभ्यासला गेला. आमच्या पूर्वजांनी जे गणिताने मांडले, ते आमच्या कारागिराने भिंतीवर झोत पाडून पाहावे, इतकीच अपेक्षा आहे.

कारण आपल्याकडे सर्वाधिक बिघाड इथेच होतो. मोटारीच्या हेडलाइटचा आरसा हॅलोजन बल्बच्या तारेसाठी बनविलेला असतो. त्यात एलईडी बल्ब खोचला की उजेडाचा उगम जागेवरून हलतो आणि आकारही बदलतो. डिपर दिला तरी उजेड वर उसळतो. गाडीवाल्याला वाटते उजेड वाढला, आणि समोरून येणारा मोटारसायकलस्वार आंधळा होतो. विमान बांधणारे म्हणूनच सहसा नुसता बल्ब बदलत नाहीत. आरसा वा भिंगासह तयार केलेला संपूर्ण दिवाच बदलतात.

उष्णता मागे जाते

एलईडी तापत नाही, हा समज खोटा आहे. जुना दिवा आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकतो. विमान जमिनीवर उभे असताना तो फार वेळ जळत राहिला तर पुढचे प्लॅस्टिकचे आवरण वाकडे होत असे. एलईडी ती उष्णता मागच्या बाजूला सोडतो. तिला वाट देण्यासाठी मागे ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असतात. त्या पाकळ्यांना हवा मिळाली नाही तर उजेड मंदावतो आणि दिवा लवकर जातो. खोक्यावर पन्नास हजार तास लिहिलेले असते खरे, पण ते एलईडीच्या चकतीचे आयुष्य. तिला वीज पुरविणारे ड्रायव्हरचे सर्किट, त्यातील कपॅसिटर आणि डाग हे त्याआधीच दगा देतात.

आणखी एक फरक कारागिराने गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावा. बॅटरी उतरू लागली की जुना दिवा पिवळा पडतो व आपोआप इशारा देतो. चांगला एलईडी शेवटपर्यंत तसाच उजळ राहतो आणि मग एकदम विझतो. विमानात म्हणूनच व्होल्टमीटरवर नजर ठेवावी लागते. रात्री उसाची गाडी ओढणाऱ्या ट्रॅक्टरलाही हे लागू आहे.

रेडिओतील खरखर

एलईडीचा ड्रायव्हर वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून तिचे नियंत्रण करतो. सर्किट स्वस्त असेल तर त्यातून रेडिओ लहरी सुटतात. विमानाचा दिशादर्शक रेडिओ आणि बोलण्याचा रेडिओ १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो. दिवा लावताच तिथे खरखर सुरू झाली तर नेमक्या उतरण्याच्या वेळी नियंत्रण कक्षाचा आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे दिवा बसविल्यावर प्रथम रेडिओ लावून तो तपासतात. खरखर आली तर जाळीचे आवरण असलेली तार वापरतात, अर्थिंग नीट करतात, तारेवर फेराइटचे मणी चढवितात, आणि तरीही गेली नाही तर दिवा परत करतात.

विशेष म्हणजे आपला साधा एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्झपाशी संपतो आणि विमानांचा पट्टा तिथूनच सुरू होतो. म्हणजे या तपासणीचे यंत्र प्रत्येक गॅरेजमध्ये आधीच गाणी ऐकवीत असते!

फ्यूजचा नियमही इथेच सांगावा. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, दिव्याच्या नव्हे. कमी अँपिअरचा दिवा बसविला तर फ्यूजही कमी क्षमतेचा टाकता येतो. पण तार बारीक असताना मोठा फ्यूज टाकणे म्हणजे आगीला आवतण.

धाराशिवच्या रस्त्यांवर

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. महामार्ग ५२ आणि उमरगा-नळदुर्गवरून जाणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग ६५ हे दोन्ही रात्रभर वाहतात. गळीत हंगामात साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. ट्रॉलीला मागे दिवा नाही, असला तर जळालेला. समोरून येणाऱ्या जीपचा एलईडी डोळ्यांवर. या दोहोंच्या मध्ये सापडलेला माणूस घरी पोहोचेलच असे नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ याबाबत स्पष्ट आहे. पुढच्या दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा. आठ मीटर अंतरावर दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपविता कामा नये. गॅरेजच्या अंगणात दोरीने आठ मीटर मोजून हे कोणालाही तपासता येते.

आमच्या मते कारागिरांनी धंद्याची दिशा थोडी बदलावी. हॅलोजनच्या आरशात एलईडी खोचण्याचा आग्रह धरण्याऐवजी ट्रॉलीचे मागचे दिवे, बाजूचे दिवे, नंबर प्लेटचे दिवे एलईडीचे करून द्यावेत. खडबडीत रस्त्यावर तारेचा बल्ब टिकत नाही. तिथे एलईडीचा खरा फायदा आहे आणि कोणाचे डोळेही दिपत नाहीत. लाल काचेमागे मात्र लाल एलईडीच टाकावा. पांढऱ्या एलईडीत लाल रंगाचा अंश कमी असल्याने काचेतून उजेड फिकट येतो. विमानाच्या पंखांच्या टोकांवर डावीकडे लाल व उजवीकडे हिरवा दिवा असतो, तिथेही हीच पद्धत आहे.

चार चाचण्या

दुकानात येणारा प्रत्येक एलईडी विकण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, अँपिअर मोजावे. १३ व्होल्टवर दीड अँपिअर घेणारा दिवा सुमारे वीस वॅटचा आहे, मग खोक्यावर १०० लिहिलेले असो वा २००. दुसरी, तो अर्धा तास सलग लावून ठेवावा; अँपिअर वा उजेड घसरतो का ते पाहावे. तिसरी, रात्री भिंतीवर झोत पाडून डिपरची वरची रेघ स्वच्छ कापलेली आहे का ते पाहावे. चौथी, शेजारी एफएम लावून खरखर ऐकावी. यासाठी लागते एक मल्टिमीटर, एक भिंत आणि एक रेडिओ. कर्ज नको, व्याजाचा फेरा नको.

ज्यांना खऱ्या विमानांवर काम करण्याची उमेद आहे त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. तिथे केलेले काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या माणसाने प्रमाणित करावे लागते. विज्ञान शाखेतून बारावी, मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण, परीक्षा व प्रत्यक्ष अनुभव असा तो मार्ग आहे. विद्युत व रेडिओ उपकरणांसाठी बी-२ हा स्वतंत्र वर्ग आहे. ज्या पालकांची मुले गॅरेजमध्ये हुशारी दाखवितात, त्यांनी बारावी सुटू देऊ नये, ही आमची कळकळीची सूचना.

माल जसा आहे तसा

शेवटी एक गोष्ट धंद्याच्या बरकतीची. बाजारातून जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओला माल वर, लोकांना दिसेल असा का ठेवला नाहीस, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले, आणि फसविणारा आपल्यातला नाही असे बजावले, ही हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकतो. माप कमी देणाऱ्यांना कुरआनात सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला इशाराही आपल्याला ठाऊक आहे. वीस वॅटचा दिवा शंभर वॅट म्हणून विकणे हे आजच्या काळातील कमी मापच होय. खोक्यावर खोटा आकडा छापणारा दूर कुठे असेल, पण तो आकडा गिऱ्हाइकाला वाचून दाखविणारे आपण असतो.

ज्या दुकानदाराने मीटर लावून खरा आकडा सांगितला, गिऱ्हाइकाला वाईट वाटले तरी डोळे दिपविणारा दिवा बसवायला नकार दिला, त्याचे त्या दिवशी चार पैसे बुडतील. पण हंगाम संपेपर्यंत ट्रॉलीवाले त्याचेच दुकान विचारत येतील. हलाल रोजी आणि रस्त्यावरून सुखरूप घरी पोहोचणारा माणूस, दोन्ही एकाच मल्टिमीटरवर अवलंबून आहेत. आमचे कारागीर हे मनावर घेतील, इन्शाअल्लाह.