तांब्याचा जुना सेंट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीने १७९३ ते १८५७ या काळात तांब्याचे ‘मोठे सेंट’ पाडले. त्यांतल्या १८१४पर्यंतच्या नाण्यांबद्दल बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज: एका सालाची सगळी नाणी सारखीच.

वस्तुस्थिती: सुरुवातीचे पोलादी ठसे बव्हंशी हातानेच कोरले जात. त्यामुळे केसांच्या बटा, आकड्यांमधले अंतर, पर्णहाराची पाने ठशागणिक बदलत. ठसा तडकला की नवा कोरायचा. पुढचा आणि मागचा ठसा यांची प्रत्येक जोडी हा स्वतंत्र प्रकार. एकट्या १७९४ सालाचे असे पन्नासहून अधिक प्रकार आहेत. विल्यम शेल्डन यांनी १९४९च्या ग्रंथात त्यांना क्रमांक दिले. ४८ क्रमांकाच्या सेंटवर मागच्या कडेने ९४ इवलेसे तारे आहेत!

गैरसमज: अक्षरांत चूक दिसली, म्हणजे नाणे बनावट.

वस्तुस्थिती: १७९३च्या पहिल्या सेंटवर देशाच्या नावातला ‘अमेरिका’ हा शब्द ‘अमेरि.’ एवढाच आहे. १८०१च्या एका प्रकारात तर तीन चुका आहेत: १/१०० ऐवजी १/०००, ‘युनायटेड’मधल्या ‘यू’च्या जागी दोन ‘आय’ आणि पर्णहाराला एकच देठ. दोन्ही नाणी टांकसाळीचीच. लबाडी होते ती वेगळीकडे. १७९९चा सेंट दुर्मीळ, म्हणून १७९८च्या नाण्यावरचा शेवटचा आकडा कोरून बदलतात. अस्सल १७९९चे प्रकार दोनच आहेत; बाकीची अक्षरे त्यांच्याशी ताडली की बिंग फुटते.

गैरसमज: चकचकीत नाणे वरच्या प्रतीचे.

वस्तुस्थिती: टांकसाळीतून निघालेला लालसर रंग काळानुसार तपकिरी होतो. ती झाक तांब्याचे मूळ पृष्ठ आहे. चिंच लावून तांब्या-पितळेची भांडी उजळावीत, नाणे नव्हे. घासलेल्या सेंटवर गुलाबी, परकी चमक येते आणि गेलेले पृष्ठ परत मिळत नाही.

गैरसमज: प्रतीचा आकडा म्हणजे शंभरपैकी गुण.

वस्तुस्थिती: शेल्डन यांची मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. ती १७९४च्या सेंटच्या तेव्हाच्या बाजारभावांवरून बेतली होती: सर्वोत्तम नाण्याचे मोल जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याच्या सत्तरपट. भाव पुढे भराभर बदलले, मोजपट्टी टिकली. तांब्याचे जाणकार आजही आधी झीज पाहून आकडा ठरवतात, मग खाचा, गंज, घासल्याच्या खुणा पाहून तो खाली आणतात. नक्षीवरून तिशीत बसणारा सेंट गंजाने खाल्लेला असेल, तर त्याला पंधराही मिळू शकतात.